वळूच्या ठशाचा बॅकअप

मोहसीनच्या कानाखाली पहिली बसली तवा त्याच्या तोंडात घास होता. घास कीबोर्डवर पडला. दुसरी बसली अन् खुर्ची उलटली. तिसरी लाथ होती, बरगडीत. फरशीवर पडल्या पडल्या त्याला दिसलं, की कुणीतरी शटर आतून खाली ओढून राहिलंय.

शुक्रवारची दुपार. नांदेडात देगलूर नाक्याच्या त्या गल्लीतली निम्मी दुकानं नमाजसाठी बंद. मोहसीन तेवढा गेला नव्हता. एका शाळेची साइट सकाळपासून बंद पडली होती, ती चालू करून मग जेवतो म्हणला, अन् जेवायला बसला तर हे आले.

तिघं होते. पांढऱ्या कपड्यातला किशनराव, देवणीकडचा, वळूवाला. त्याचा पुतण्या आनंदराज, टी-शर्ट, गळ्यात इअरफोन. अन् शिवप्पा. शिवप्पाची मान त्याच्या डोक्यापेक्षा जाड होती. त्यानं काखेतली गोणी टेबलावर ठेवली तर आतून लोखंड वाजलं.

"मोहसीन तूच ना बे? देवणी संघाची वेबसाइट तुझीच ना?" आनंदराज म्हणला.

"हाव."

"पुसून टाक."

किशनराव खुर्ची सरळ करून तिच्यावर बसला. "सगळी पुस. एक पान ठिवू नको."

मोहसीनला लगेच कळलं. अख्ख्या देवणी तालुक्याला कळलं असतं.

किशनरावचा वजीर नावाचा वळू, पांढराशुभ्र अंगाचा, काळ्या तोंडाचा. यंदा माळेगावच्या जत्रेत पहिला आला. फेटा, गुलाल, हलगी, सगळं झालं. अन् त्या गर्दीतून मलप्पा नावाचा एक माणूस धावत आला, वळूच्या गळ्यात पडला अन् बोंबलायला लागला, का ह्यो माझा गोऱ्हा हाय, तीन वर्सामागं माझ्या गोठ्यातून चोरलेला. लोक हसले. पण मलप्पाकडं पुरावा होता. जनावराच्या नाकाचा ठसा. वासराचं नाक फडक्यानं पुसायचं, शाई लावायची, कागद दाबायचा. माणसाच्या अंगठ्यावाणी, दोन जनावरांचा सारखा निघत न्हाई, अन् मरेपर्यंत बदलत न्हाई. देवणी पाळणाऱ्यांच्या संघानं गावोगाव फिरून असे ठसे घेतले होते. कागद मालकाला, फोटो वेबसाइटवर, तारखेसकट.

मलप्पानं तक्रार दिली त्याच्या चौथ्या दिवशी त्याचा गोठा पेटला. दोन गाई अन् ठशाचा कागद, सगळं जळालं.

राहिली वेबसाइट. ठाण्यातून संघाला पत्र गेलं होतं: सोमवारी ठसा घेऊन या, वजीरच्या नाकाशी लावून पाहू.

"काढतो," मोहसीन म्हणला.

खरं सांगायचं तर त्यानं पळभरही विचार केला न्हाई. मलप्पाचं काय, संघाचं काय, काही डोक्यात आलं न्हाई. नाकातून रक्त गळून राहिलं होतं अन् ते थांबावं एवढंच. साइट जिथं भाड्यानं ठेवलेली त्या होस्टिंगमध्ये लॉगिन केलं. फायली, सगळ्या निवडा, डिलीट. डेटाबेस, डिलीट. साडेतीन हजार जनावरांचे ठसे. बारा सेकंद लागले.

आनंदराजनं आपल्या मोबाइलवर साइट उघडून पाहिली. पांढरं पान. काकाला दाखवलं. किशनरावनं मान हलवली.

मोहसीनला वाटलं, झालं.

"आता बॅकअप," आनंदराज म्हणला.

"बॅकअप न्हाई."

तिघंही हसले. शिवप्पासुद्धा, ज्याला बॅकअप म्हंजे काय ते माहीत नसावं.

आनंदराजनं मोबाइलमधला एक फोटो त्याच्या तोंडासमोर धरला. माळेगावच्या मागच्या वर्सीच्या जत्रेतला मोहसीनचाच स्टॉल. मागं आठ फुटी फ्लेक्स. वळूचं चित्र, मोहसीनचा गॉगल घातलेला फोटो अन् खाली मोठ्या अक्षरात: तुमच्या जनावराचा ठसा सात ठिकाणी बॅकअप. भूकंप आला तरी सेफ!

"सात," आनंदराज म्हणला. "एक एक करून दाव."

आता हे कुणाला कसं सांगावं. सात आकडा फ्लेक्सवाल्याकडं बसल्या बसल्या सुचला होता. तीन लिहिलं तर कमी वाटतं, दहा लिहिलं तर खोटं वाटतं. गिऱ्हाईक कोणतंबी असो, शाळा, मिठाईवाला, मंगल कार्यालय, मोहसीन छातीवर हात ठेवून म्हणायचा, बॅकअपचं टेन्शन घेऊच नका. कुणी कधी विचारलं न्हाई का कुठं हाय. न्हाई म्हंजे, एकानं विचारलं होतं, पण ते पुढं.

"साहेब, ते जाहिरातीपुरतं होतं. आईची शपथ."

किशनरावनं शिवप्पाकडं पाहिलं. शिवप्पानं गोणीतून चिमटा काढला.

बैल खच्ची करायचा चिमटा. दोन हात लांब दांड्या, पुढं बोथट जबडा. ज्यानं गावात एकदा पाहिलाय त्याला ठाऊक हाय. कातडी फाटत न्हाई, रक्ताचा थेंब येत न्हाई, आतलं तेवढं चेंदतं. शिवप्पा हेच काम करायचा, गावोगाव फिरून. त्यानं मोहसीनचा उजवा हात टेबलावर दाबला अन् करंगळी जबड्यात घातली, इतक्या सवयीनं का जणू समोर माणूस न्हाईच.

"प्लॅन कोणता होता साइटचा?" आनंदराजनं विचारलं.

"शेअर्ड. एका सर्व्हरवर शंभर साइटी. सगळ्यात खालचा."

"शेअर्डवर कंपनी आठवड्याला कॉपी घेते. मी लातूरला कोर्स केलाय, मला शेंडी लावू नको."

"घेते, पण वरच्या प्लॅनला. खालच्याला ज्याचं त्यानं बघायचं. करारातच लिहिलेलं हाय, उघडून दावतो ना..."

"मग तू बघितलं असशील."

"न्हाई बघितलं."

"चार वर्सात एकदाबी?"

"न्हाई."

दांड्या मिटल्या. आवाज हरभरा फोडल्यासारखा आला. मोहसीनला पहिल्यांदा काहीच कळलं न्हाई, अन् मग खांद्यापर्यंत आग चढली. तो ओरडला तसं शिवप्पानं डब्यातली रोटी उचलून त्याच्या तोंडात कोंबली.

करंगळीवर ओरखडासुद्धा न्हवता. नुसती निळी पडत चालली होती.

"व्हीपीएस हाय का?" आनंदराजनं रोटी काढून विचारलं. त्याला आता परीक्षा घेतल्यासारखी मजा येऊन राहिली होती.

"हाय. शाळांच्या साइटी हायत त्याच्यावर."

"तिथं कॉपी असंल."

"भाऊ, व्हीपीएस म्हंजे रिकामा प्लॉट. आपण बांधलं तर खोली, न्हाई तर माती. तिथं कंपनी कशालाच हात लावत न्हाई. घ्या पासवर्ड, बघा."

आनंदराजनं पाहिलं. दहा मिनिटं एकेक फोल्डर उघडून पाहिलं. शाळांच्या साइटी, गॅदरिंगचे फोटो. वळू कुठंच न्हाई.

"अजून काय? मॅनेज्ड?"

"एकच. लातूरच्या एका ट्यूशन क्लासचं. तिथं रोजचा बॅकअप कंपनीच घेते, तीस दिवसांचा राहतो. पण त्यात क्लासचंच असतं. रिझल्ट अन् फोटो. दुसऱ्याचं कशाला असंल?"

"म्हंजे तू म्हणून राहिला, का सातातलं एकबी न्हाई."

"हाव! तेच म्हणून राहिलो मी मघापासून!"

आता किशनराव खुर्ची जवळ ओढून एकदम मायेनं बोलला. "बाळा, कापसाच्या आडतीवर सुद्धा माणूस पावतीची दुसरी परत ठिवतो. तू शिकलेला. साडेतीन हजार जनावरांचं काम, अन् तू एकबी परत ठिवली न्हाईस, हे मी कसं मानू? मला येडा समजतो का?"

त्याचं म्हणणं बरोबरच होतं, ही सगळ्यात वाईट गोष्ट. कोणताच शहाणा माणूस मानला नसता. खरं बोलून सुटायची वाटच न्हवती.

"दुसरं बोट," किशनराव म्हणला.

करंगळीशेजारचं बोट गेलं. मोहसीनची पँट ओली झाली. शिवप्पानं मधलं बोट चिमट्यात धरलं, अन् तेव्हा मोहसीनच्या तोंडून नाव निघालं.

"दयानंदकडं हाय! लातूरला! हार्ड डिस्कमध्ये!"

शिवप्पा थांबला.

दयानंद मोहसीनचा जुना भागीदार. संघाची साइट दोघांनी मिळूनच बनवलेली. किल्लारीकडचा. त्याच्या जन्माआधी त्यांचं गाव भूकंपात गेलं होतं. आईची, गुणाबाईची, पहिली दोन लेकरं दगडाखाली गेली अन् त्यांचा एकबी फोटो घरात राहिला न्हाई. दयानंदला म्हणूनच कॉप्या काढायचा नाद. एकच कॉपी म्हंजे कॉपी न्हाई, म्हणायचा. माळेगावला तो फ्लेक्स पाहिला तवा त्यानंच विचारलं होतं, सात कुठं हायत बे मोशा? अन् भूकंपाची ओळ कुणी लिहिली? मोहसीन हसण्यावारी न्यायला गेला, तर दयानंदनं सगळ्या लोकांसमोर त्याची कॉलर धरली. त्याच दिवशी भागीदारी मोडली. तो लातूरला जाऊन त्या ट्यूशन क्लासची कॉम्प्युटरं सांभाळायला लागला. बोलणं बंद.

त्याच्याकडं डिस्क हाय का न्हाई, मोहसीनला काय ठाऊक? तोंडात आलेलं पहिलं नाव होतं. पण खरं सांगायचं तर नाव घेताना पोटात कुठंतरी बरं वाटलं होतं. लई शहाणा होता ना कॉप्यांचा. दाव म्हणा आता.

त्यांनी पत्ता घेतला, क्लासचं नाव घेतलं. मोहसीनचा मोबाइल पाण्याच्या बादलीत टाकला, लॅपटॉपवर शिवप्पानं पाय दिला. चार्जरच्या वायरनं हात मागं बांधले. शटर बाहेरून कुलूप लावून गेले. जीप चालू झाल्याचा आवाज आला.

मग फरशीवर गाल टेकून पडल्या पडल्या मोहसीनला उमगलं, आपण काय केलं ते. दयानंद म्हणणार, न्हाई माझ्याकडं. अन् ते मानणार न्हाईत.

तो सरकत सरकत शटरपाशी गेला अन् टाचांनी पत्रा बडवायला लागला. प्रत्येक ठोक्याला बोटं पेटायची. किती वेळ बडवलं कुणास ठाऊक. शेवटी बाहेरून बाईचा आवाज आला.

"कौन है अंदर?"

समोरच्या शिलाईच्या दुकानातली सालेहा आपा. नमाज अन् जेवण उरकून दुकान उघडायला आली होती.

"आपा, कुलूप तोड!"

तिनं कुठून तरी पहार आणली अन् कुलूप उपटलं. मोहसीनला पाहून तिचा हात तोंडावर गेला. "या अल्ला. किसने मारा रे?" आपल्या कात्रीनं तिनं वायर कापली.

"फोन दे आपा. पहले फोन दे."

दयानंदचा नंबर पाठ न्हवता. नंबर होते ते बादलीत. मग डाव्या अंगठ्यानं त्यानं क्लासची साइट उघडली. दोघांनी मिळून बनवलेली. खाली क्लासचा नंबर होता. घड्याळात तीन वाजून गेले होते. जीप निघून सव्वा तास. लातूर तीन तासांवर. म्हंजे अजून पावणेदोन तास हातात, त्यानं हिशोब केला अन् जरा दम घेतला.

रिसेप्शनवाल्या पोरीनं नाव विचारलं, गाव विचारलं, काम विचारलं. मग तिनं मोबाइल नेऊन दयानंदला दिला.

"काय बे मोशा. मेला न्हाईस का अजून?"

"दया, पळ. आत्ता निघ तिथून. किशनरावची माणसं यायलीत. संघाची साइट पुसायला लावली मला. मी... मी तुझं नाव सांगितलं. तुझ्याकडं बॅकअप हाय म्हणलो."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दया, बोटं चेंदायले होते रे. काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं."

"तुला कुणी सांगितलं पण?"

"काय?"

"माझ्याकडं हाय म्हणून. मी कुणालाच बोललो न्हवतो."

मोहसीन भिंतीला टेकला.

"दर अमावास्येला उतरवून घेतो मी," दयानंद म्हणला. "जुना पासवर्ड तू बदललाच न्हाईस, येड्या. मागच्या पंधरवड्यापर्यंतचं सगळं हाय डिस्कमध्ये."

"मग डिस्क देऊन टाक त्यांना! अन् पळ!"

"मलप्पाचा ठसा?"

"मरू दे मलप्पाचा ठसा!"

"थांब." दयानंदच्या चपला वाजल्या, दार वाजलं. "लॅबमध्ये आलोय. डिस्क घेऊन निघालो अन् रस्त्यात हिसकली तर संपलं. एकच हाय ना. आधी क्लासच्या होस्टिंगवर चढवतो. ते मॅनेज्ड हाय, एकदा चढलं का लिंक ठाण्याला, लिंक संघाला. मग पळतो. वेळ किती हाय?"

"पावणेदोन तास."

"लई झाला. पाऊण तासात चढतंय. फोन चालू ठिव."

आपा दुसऱ्या कुणाचा फोन आणायला धावली होती, लातूरच्या पोलिसांना कळवायला. मोहसीन तसाच बसून ऐकत राहिला. लॅबमध्ये पोरं टेस्ट देऊन राहिली होती, माउसची टिकटिक येत होती. दयानंद मधी मधी आकडा सांगायचा. बारा टक्के. एकवीस. एकदा म्हणला, "बोटं कुणाकडून बांधून घेतली का न्हाई?" अन् मोहसीनला रडू फुटलं.

"दया, फ्लेक्सचं..."

"गप. तेहतीस."

चौतीसला खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

मोहसीननं जीपचे तास मोजले होते. किशनरावच्या हातात फोन हाय, अन् देवणी लातूर जिल्ह्यातच हाय, हे त्याच्या डोक्यात आलंच न्हवतं. जीप अजून अहमदपूरसुद्धा ओलांडली नसंल. माणसं गावाकडून आली होती.

"चौघं हायत," दयानंद हळूच म्हणला. तो खिडकीतून पाहत असावा. "काठ्या हायत."

"डिस्क दे! दया, डिस्क दे अन् लॅबमध्ये बस!"

"डिस्क काढली तरी चालतंय. फायली लॅबच्या मशीनवर उतरवून घेतल्यात आधीच, तिथूनच चढायल्यात. शेवटच्या बाकावरचं मशीन." डिस्कची वायर उपटल्याचा आवाज आला. "पण ते लॅबमध्ये न्हाई आले पाहिजेत. अर्धा तास."

"दया..."

"मी डिस्क घेऊन जिन्यापलीकडच्या माझ्या झोपायच्या खोलीत बसतो."

चपला वाजल्या. दार लागलं. फोन त्यानं चालू तसाच खिशात टाकला.

पुढचं सगळं मोहसीननं ऐकलं. दार लाथेनं उघडलं. डिस्क कुठंय. दयानंद म्हणला, कोणती डिस्क? काठी बसली. कपाट आडवं झालं. परत विचारलं. परत म्हणला, कोणती? मोहसीनच्या बोटांना प्रत्येक काठी कळत होती. दयानंद पहिल्या चार-पाचांना ओरडला, मग त्याचा आवाज जनावरासारखा व्हायला लागला, घशातून. एक जण म्हणाला, डोक्यावर मारू नको, सांगायच्या आधी मरंल. दुसरा म्हणाला, मरू दे भडव्याला. काहीतरी काचेचं फुटलं. दयानंद म्हणला, सांगतो, सांगतो, पाणी द्या. पाणी दिलं. पिऊन म्हणला, विसरलो. अन् मग जे बसायला लागलं ते मोजता येण्यासारखं न्हवतं.

मोहसीन फोनमध्ये बोंबलत होता, दे दया, दे, दे. खिशातल्या फोनचं कोण ऐकतंय.

केव्हातरी दयानंद अगदी बारीक आवाजात म्हणला, "उशाखाली हाय." डिस्क आपटून फोडल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. त्यानंतर आणखी एक काठी बसली, जिची काही गरज न्हवती. त्या काठीचा आवाज वेगळा होता. पोरांचा गलका, पळापळ, अन् फोन बंद झाला.

आपाच्या भावानं गाडी चालवली अन् रात्री मोहसीन लातूरला पोचला. पोलीस उशिरा पोचले होते, पण फायली पूर्ण चढल्या होत्या. मोहसीननं वाटेतून फोन केल्यावर क्लासच्या सरांनीच लिंक ठाण्यात दिली होती. दयानंद आयसीयूत होता. कवटीला तडा, डावा डोळा गेलेला, शुद्ध न्हाई. मोहसीनच्याही हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं नावालाच राहतील.

तीन दिवस तो दवाखान्यातून हलला न्हाई. दयानंदची बायको पुनम बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. मोहसीनला उजव्या हातानं जेवता येईना म्हणून ती त्याच्या भाकरीचे तुकडे करून द्यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, हे मोहसीनभाऊ, बोटं मोडली तरी फोन केला यांनी. यांच्यामुळं ठसा वाचला.

मोहसीन ऐकून घ्यायचा. तीन दिवस ऐकून घेतलं.

सोमवारी दुपारी मलप्पा आला. धोतराला गुलाल लागलेला. वजीरचं नाक पुसून, शाई लावून, पंचांसमोर ठसा घेतला होता. रेघ न् रेघ जुळली. किशनराव, आनंदराज आत. शिवप्पाला शोधून राहिलेत. मलप्पा काचेतून दयानंदकडं पाहून हात जोडून उभा राहिला, मग मोहसीनच्या पाया पडायला वाकला.

मोहसीन मागं सरकला. "मामा, नका."

"का रे बाबा? तू न्हवतास तर..."

"मी होतो म्हणूनच."

पुनमनं वर पाहिलं.

"वहिनी," मोहसीन म्हणला. तीन दिवस घशात धरून ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. "दयाकडं डिस्क हाय हे मला ठाऊक न्हवतं. मी अंदाजानं त्याचं नाव सांगितलं. बोट सोडवायला. त्यांना लातूरचा पत्ता मी दिला, क्लासचं नाव मी दिलं. तो भांडला होता माझ्यासंगं, म्हणून त्याचंच नाव आलं तोंडात. फोन केला तो नंतर."

मलप्पा कधी हिच्याकडं, कधी त्याच्याकडं पाहत राहिला.

पुनम उठून त्याच्यासमोर आली. त्याचा प्लास्टरमधला हात तिनं दोन्ही हातात घेतला, अन् मोहसीनला पळभर वाटलं, का ती माफ करून राहिली.

तिनं दाबला. प्लास्टरच्या बाहेर आलेली दोन काळीनिळी टोकं मुठीत धरून, दात खाऊन, सगळ्या जोरानं दाबला. मोहसीनच्या तोंडातून आवाज निघाला, नर्स धावत आली, मलप्पा "बाई, बाई" करायला लागला. मोहसीननं हात ओढून घेतला न्हाई. ती थकून सोडेपर्यंत तसाच तिच्या हातात राहू दिला.